बालमेदोवृद्धी व इन्शुलीन-प्रतिरोध

बालमेदोवृद्धी व इन्शुलीन-प्रतिरोध : वय, उंची व लिंग यांच्या मानाने बालकाच्या शरीरातील वसेचा (चरबीचा) साठा आरोग्यास बाधक ठरेल इतका वाढणे याला बालमेदोवृद्धी म्हणतात. रक्तातील इन्शुलिनाचे प्रमाण पुरेसे, किंबहुना नेहमीपेक्षा अधिक असूनही यकृत, स्नायू व वसा-ऊतक (ऊतक म्हणजे समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा वा पेशींचा समूह) यांच्याकडून त्या हॉर्मोनाला अपेक्षित प्रतिसाद न मिळणे, या अवस्थेस इन्शुलीन-प्रतिरोध अशी संज्ञा आहे. या दोन अवस्था पुष्कळदा एकत्र आढळतात, तथापि त्या एकच नव्हेत. वजनाने बऱ्याच जड असलेल्या काही मुलांत प्रतिरोध अत्यल्प असतो, तर दिसण्यात किरकोळ असलेल्या काही मुलांत तो ठळकपणे आढळतो. हा भेद समजण्यासाठी वजनापेक्षा वसेचे शरीरातील स्थान, तिच्या साठवणीची क्षमता आणि बालकाचा जन्मपूर्व इतिहास यांचा विचार करावा लागतो. भारतीय बालकांच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा असून त्यासंबंधीचे काही मूलभूत संशोधन महाराष्ट्रात, पुणे शहरात व त्याच्या परिसरातील खेड्यांत झाले आहे.

इतिहास : स्थूलता व मधुमेह यांच्या संबंधाची जाणीव प्राचीन आहे. चरकसंहितेत अतिस्थूल मनुष्याची गणना निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांमध्ये केलेली आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातील रुग्ण कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, असे वर्णन आहे.

इन्शुलिनाचा शोध १९२१ मध्ये टोराँटो येथे लागला. त्यानंतर काही काळ मधुमेह म्हणजे इन्शुलिनाचा अभाव, असे सरसकट मानले जाई. लंडनमधील वैद्य हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये या समजुतीला धक्का दिला. रुग्णांना ग्लुकोज व इन्शुलीन एकाच वेळी देऊन त्यांनी असे दाखविले की, काही रुग्णांत इन्शुलिनाने रक्तशर्करा लगेच उतरते, तर काहींत ती जवळजवळ तशीच राहते. १९४७ मध्ये मार्से येथील झां व्हाग यांनी वसेच्या स्थानाकडे लक्ष वेधले. नितंब व मांड्या यांवर साठणाऱ्या वसेपेक्षा धडाच्या वरच्या भागात साठणारी वसा मधुमेहास अधिक कारणीभूत होते, असे त्यांचे निरीक्षण होते. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी पदार्थाच्या साहाय्याने रक्तातील इन्शुलीन मोजण्याची पद्धती सिद्ध केली, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात हे हॉर्मोन कमी नसून भरपूर असल्याचे उघड झाले. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्शुलीन-प्रतिरोध, उच्च रक्तदाब व रक्तातील वसांचे बिघडलेले प्रमाण हा एकाच मुळाचा विस्तार असल्याची कल्पना मांडली.

हे सर्व संशोधन प्रौढांविषयीचे होते. मुलांच्या मधुमेहाचा जो प्रकार माहीत होता त्यात अग्निपिंडातील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या बीटा कोशिकाच नष्ट होत असत आणि त्याचा स्थूलतेशी संबंध नव्हता. १९९० नंतरच्या दशकात पौगंडावस्थेतील मुलामुलींना ‘मोठ्या माणसांचा’ मधुमेह होत असल्याचे वृत्तांत प्रथम अमेरिकेतून व पुढे अन्य देशांतून येऊ लागले, तेव्हा या विषयास बालवैद्यकात स्थान मिळाले.

वसा-ऊतक व त्याची वाढ : नवजात अर्भकाच्या वजनात वसेचा वाटा सामान्यतः १२ ते १५ टक्के असतो. पहिल्या सहा महिन्यांत तो सुमारे २५ टक्क्यांपर्यंत चढतो. गुटगुटीत दिसणे हे या वयात स्वाभाविक व इष्टच होय. मूल चालू-पळू लागले की हे प्रमाण उतरत जाते व पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास ते न्यूनतम होते. त्यानंतर पुन्हा चढू लागते. या दुसऱ्या चढाला ‘मेदाचा पुनरुत्थानकाल’ म्हणता येईल. हा चढ नेहमीपेक्षा लवकर, म्हणजे चौथ्या वर्षाच्या आसपास सुरू झाल्यास पुढे मेदोवृद्धीची शक्यता वाढते, असे फ्रान्समधील रोलां-काशेरा व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये दाखविले.

वसा-कोशिकांची संख्या मुख्यतः बालपणी व पौगंडावस्थेत ठरते. प्रौढपणी ती बहुतांशी स्थिर राहते. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ चा मागोवा घेऊन स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये असे सिद्ध केले की, प्रौढांच्या वसा-कोशिकांपैकी सुमारे दहा टक्के दरवर्षी मरतात व तितक्याच नव्या निर्माण होतात. वजन घटविल्यावर कोशिका आकाराने लहान होतात, त्यांची संख्या मात्र कमी होत नाही. बालपणीच्या मेदोवृद्धीचा ठसा दीर्घकाळ टिकण्याचे हे एक कारण असावे.

वसा-ऊतक ही केवळ निष्क्रिय कोठी आहे, ही कल्पना आता मागे पडली आहे. १९९४ मध्ये लेप्टीन या हॉर्मोनाचा शोध लागला. ते वसा-कोशिकांत तयार होते व शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूस देते. ॲडिपोनेक्टीन हे दुसरे हॉर्मोन इन्शुलिनाच्या कार्यास पोषक असते व मेदोवृद्धीत त्याचे प्रमाण घटते, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कारण कोठी वाढली असताना तिचा माल कमी होतो.

प्रतिरोध कसा निर्माण होतो : जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की अग्निपिंडातून इन्शुलीन स्रवते. ते कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राहीस चिकटते, ग्राही आतील प्रथिनांना क्रमाक्रमाने कार्यप्रवृत्त करतो व शेवटी स्नायू आणि वसा-ऊतक यांच्या कोशिकांत साठविलेले ग्लुकोजवाहक प्रथिन पृष्ठभागी येऊन ग्लुकोजला आत घेते. त्याच वेळी यकृत आपली ग्लुकोजनिर्मिती थांबविते आणि वसा-ऊतक वसाम्ले बाहेर सोडणे बंद करते. प्रतिरोध म्हणजे या संदेशमालिकेत कोठेतरी आलेला अडथळा होय.

हा अडथळा अतिरिक्त वसेमुळे का यावा? याचे उत्तर कोठाराच्या उपमेने स्पष्ट होते. शेतकऱ्याची कणगी भरली की धान्य ओसरीवर, माजघरात, जागा मिळेल तेथे रचावे लागते व तेथे ते घरातील वावरास अडचण करते. त्वचेखालील वसा-ऊतक ही शरीराची कणगी आहे. ती मोठी व लवचिक असेल, तर बराच मेद निर्धोकपणे सामावतो. ती लहान असेल किंवा भरून गेली, तर वसा उदरातील अंतस्त्यांभोवती (आतडी, यकृत इ. अंतर्गत इंद्रियांभोवती) आणि त्याही पुढे यकृत व स्नायू यांच्या कोशिकांमध्येच साचू लागते. या अस्थानी साचलेल्या वसेपासून तयार होणारी काही मध्यस्थ संयुगे इन्शुलीन-ग्राहीचा संदेश आतल्या आत खुंटवितात. शिवाय अंतस्त्यांभोवतीच्या वसेतून सुटणारी बरीचशी वसाम्ले यकृतद्वाराकडे जाणाऱ्या शिरेतून प्रथम यकृतातच पोहोचतात, आणि ताणलेल्या वसा-कोशिकांभोवती जमणाऱ्या भक्षक कोशिका शोथकारक (दाहकारक) द्रव्ये सोडतात. त्यांचाही इन्शुलिनाच्या कार्यावर विपरीत परिणाम होतो.

या स्पष्टीकरणाच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा एका दुर्मिळ विकाराने पुरविला आहे. वसा-अपोषण या जन्मजात विकारात मुलाच्या त्वचेखाली वसा जवळजवळ नसतेच; शरीर काटक व स्नायू उठून दिसतात. अशा मुलांत तीव्र इन्शुलीन-प्रतिरोध, यकृतात भरपूर वसा व पुढे मधुमेह आढळतो. कणगीच नसल्याने सर्व धान्य घरभर पसरावे, तसा हा प्रकार आहे. तेव्हा वसा असणे हा मूळ दोष नव्हे; ती योग्य जागी न मावणे हा आहे.

प्रतिरोध वाढला की बीटा कोशिका अधिक इन्शुलीन स्रवून रक्तशर्करा ताब्यात ठेवतात. ही भरपाई वर्षानुवर्षे चालू शकते व तोवर साखरेची तपासणी सर्वसाधारण येते. परंतु वाढलेले इन्शुलीन निरुपद्रवी नसते. मानेवर व काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसणे हे त्याचेच एक चिन्ह आहे. पुष्कळ आया हा मळ समजून मुलीची मान घासत राहतात. वस्तुतः तो धुतल्याने जाणारा नसतो.

यौवनागमाच्या काळात निरोगी मुलांतही इन्शुलिनाचा प्रभाव तात्पुरता सुमारे एकतृतीयांशाने घटतो. वृद्धि-हॉर्मोनाचा वाढलेला स्राव हे त्याचे मुख्य कारण होय. वाढ पूर्ण झाल्यावर ही अवस्था आपोआप निवळते. मेदोवृद्धी असलेल्या मुलात हा स्वाभाविक प्रतिरोध आधीच्या प्रतिरोधात मिळतो, आणि म्हणूनच मुलांतील या प्रकारचा मधुमेह बहुधा १० ते १९ या वर्षांत प्रकट होतो.

मोजमाप : शरीरातील वसा प्रत्यक्ष मोजणे सोपे नसल्याने देहवस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) वापरतात. मुलांत ही संख्या वयानुसार बदलत असल्याने ती वृद्धि-आलेखावर मांडूनच तिचा अर्थ लावावा लागतो. भारतीय बालरोगतज्ञांच्या अकादमीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५ ते १८ वर्षांच्या मुलांच्या आलेखांत प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी जुळणाऱ्या रेषा अनुक्रमे अतिवजन व मेदोवृद्धी यांसाठी दिलेल्या आहेत. पाश्चात्त्य प्रौढांसाठी रूढ असलेल्या २५ व ३० यांपेक्षा त्या हेतुतः खाली ठेवल्या आहेत. हे आलेख तयार करण्यात पुण्यातील बालरोगतज्ञांचा मोठा वाटा आहे.

निर्देशांकाची मर्यादा दाखविणारे एक उदाहरण वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. परंतु शरीरातील वसा मोजली असता युडकिन यांच्यात ती ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के भरली. वजनकाट्याला दोघे सारखेच होते.

यासाठी कमरेचा घेर अधिक उपयुक्त ठरतो. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असल्यास उदरातील वसा वाढली असल्याचे समजावे, हा ढोबळ नियम शाळेतील शिक्षकालाही साध्या फितीने पडताळता येतो. प्रतिरोधाची अचूक मोजणी मात्र केवळ संशोधनशाळेतच शक्य असते. तीत शिरेतून इन्शुलीन सतत देत रक्तशर्करा स्थिर राखण्यास किती ग्लुकोज लागते ते पाहतात. ही पद्धती १९७९ मध्ये प्रस्थापित झाली. मोठ्या पाहण्यांसाठी १९८५ मध्ये ऑक्सफर्ड येथे सुचविलेले सूत्र वापरतात : उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील ग्लुकोज (मिग्रॅ. प्रती १०० मिलि.) व इन्शुलीन (सूक्ष्म एकके प्रती मिलि.) यांचा गुणाकार करून ४०५ ने भागतात. दोन मुलांची रक्तशर्करा ९० असून एकाचे इन्शुलीन ९ व दुसऱ्याचे १८ असेल, तर त्यांचे अंक अनुक्रमे २ व ४ येतील. साखरेच्या तपासणीत दोघेही निरोगी ठरतील; परंतु दुसऱ्याचे अग्निपिंड तेवढ्याच कामासाठी दुप्पट राबत आहे. यौवनागमात हा अंक स्वभावतःच वाढत असल्याने सर्व वयांना लागू पडणारी एकच मर्यादारेषा सांगता येत नाही.

पुणे येथील संशोधन : विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी असे प्रतिपादन केले की, गर्भावस्थेतील कुपोषणाचा परिणाम प्रौढपणीच्या हृद्‌रोगावर व मधुमेहावर होतो. १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी त्यास ‘काटकसरी देहरूपा’चा सिद्धांत असे रूप दिले. गर्भास पोषण कमी पडले, तर तो मेंदूचा वाटा राखण्यासाठी स्नायू, यकृत व अग्निपिंड यांच्या वाढीत कपात करतो व टंचाईला अनुरूप असे शरीर घेऊन जन्मतो. पुढे टंचाईऐवजी सुबत्ता भेटली, तर तेच शरीर अडचणीत येते. हा सिद्धांत पडताळण्यास भारतासारखा दुसरा देश नव्हता, कारण येथे कमी वजनाची बालके विपुल जन्मतात व त्यांच्या हयातीतच राहणीमान पालटते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी केली असता, जन्मतः वजन जितके कमी तितके ग्लुकोज पाजल्यानंतरचे रक्तातील ग्लुकोज व इन्शुलीन अधिक, असा संबंध आढळला. आठव्या वर्षी ४७७ मुलांची पुन्हा तपासणी झाली व १९९९ मध्ये आशिष बावडेकर, याज्ञिक व सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वाधिक प्रतिरोध जन्मतःच मोठ्या असलेल्या मुलांत नव्हता. तो जन्मतः लहान परंतु आठव्या वर्षी अंगाने भरलेल्या मुलांत होता.

दरम्यान १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला होता. गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची नोंद करून गर्भारपणातील आहार, श्रम व रक्ततपासण्या आणि जन्मलेल्या मुलांची वाढ यांचा माग ठेवणे, हे त्याचे स्वरूप होते. या शेतकरी कुटुंबांतील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किग्रॅ. होते, तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे ३·५ किग्रॅ. होते. येथवर अनपेक्षित काही नव्हते. परंतु अंगांगांची मोजमापे ताडून पाहता असे दिसले की, पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोटातील इंद्रिये सर्वांत अधिक खुरटलेली असून खांद्याच्या पाठीमागील त्वचेखालची वसा मात्र बरीचशी टिकून आहे. नाळेतील रक्तात लेप्टीन व इन्शुलीन यांची पातळीही वजनाच्या मानाने चढी होती. हाडकुळ्या दिसणाऱ्या या बालकास संशोधकांनी ‘कृश-मेदयुक्त’ असे नाव दिले. पोषणाच्या रूढ कल्पनेत बसणारे हे वर्णन नाही, परंतु अनेक पिढ्यांच्या कुपोषणाचा तो यथार्थ आलेख आहे.

याच मातांच्या रक्ततपासणीत सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत ब१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळते. ज्या मातांत ब१२ कमी व फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीन-प्रतिरोध सर्वाधिक होता, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे सहसंबंध सिद्ध झाला आहे, कार्यकारणभाव नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दिल्लीतील समांतर अभ्यासानेही हेच चित्र पुरे केले. तेथील १,४९२ व्यक्तींच्या बालपणीच्या नोंदी २००४ मध्ये त्यांच्या २६ ते ३२ व्या वर्षातील तपासण्यांशी जुळविल्या गेल्या. ज्यांना मधुमेह वा त्याची पूर्वावस्था जडली होती, ती मुले दुसऱ्या वर्षी कृश होती व त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत त्यांचा निर्देशांक भराभर चढला होता. मात्र बाराव्या वर्षीही त्यांच्यापैकी एकही मूल रूढ व्याख्येनुसार मेदोवृद्ध नव्हते. वजनाच्या एका मोजणीवर विसंबणाऱ्या शालेय तपासणीत ही सर्व मुले सुटली असती.

पुण्याच्या सहा गावांतील मुले अठरा वर्षांची झाल्यावर मिळालेले निष्कर्ष (२०२१) अधिक अंतर्मुख करणारे आहेत. सुमारे निम्मे युवक-युवती कमी वजनाचे असूनही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली यांच्यात ग्लुकोजचा चयापचय बिघडलेला होता. त्यांच्यात केवळ प्रतिरोधच नव्हता. प्रतिरोधाची भरपाई करण्याची बीटा कोशिकांची क्षमताही बालपणापासून तोकडी होती. मेदोवृद्धी हेच भारतीय मधुमेहाचे एकमेव मूळ, असे मानणाऱ्यांनी या निष्कर्षाची दखल घेणे आवश्यक आहे. अशा शरीराला थोडीशीही अतिरिक्त वसा पेलवत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

संक्रमणातील प्रदेश : वरील अभ्यासांवरून दिसते की, खरा धोका टंचाईकडून सुबत्तेकडे होणाऱ्या वेगवान वाटचालीत आहे. महाराष्ट्रात ही वाटचाल एका दृष्टिक्षेपात पाहावयाची, तर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा हे उत्तम उदाहरण आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी हे समुद्रकाठचे जुने गाव. खाडीपलीकडे तारापूर असून तेथील अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पूर्वेस बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. या पट्ट्यात पगारदार कुटुंबे, चाळी व सदनिका, खाणावळी आणि वडापाव, बिस्किटे व गोड पेये विकणारी दुकाने आली. तेथून काही तासांच्या अंतरावर त्याच जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासी तालुके बालकुपोषणासाठी अनेक दशके चर्चेत आहेत. चिंचणीसारख्या गावात मच्छीमार, बागायतदार, वारली व कामगार अशी निरनिराळ्या घरांतील मुले एकाच वर्गात शेजारीशेजारी बसतात. त्यांपैकी एखाद्याची आई स्वतः अपुऱ्या अन्नावर वाढलेली असते आणि मुलाच्या डब्यात मात्र तळलेले व गोड पदार्थ रोज असतात. भाताची भाकरी, मासळी, नाचणी व कडधान्ये या जुन्या आहारात प्रथिने, ब१२ व तंतू यांची बऱ्यापैकी सोय होती. बदललेल्या आहारात उष्मांक वाढले, परंतु ही घटकद्रव्ये त्या प्रमाणात वाढली नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५·२ टक्के खुरटलेली व ३६·१ टक्के कमी वजनाची होती. अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण ४·१ टक्के होते. चौथ्या फेरीत (२०१५–१६) ते १·९ टक्के होते. एक संकट ओसरण्यापूर्वीच दुसरे आत शिरले आहे. या दोन संकटांसाठी दोन वेगळी खाती, दोन वेगळे आहार व दोन वेगळे सल्ले देण्याची प्रथा मात्र चालूच आहे. कृश बालकाचे वजन ‘कसेही करून’ वाढविण्याच्या भरात साखर व तेल यांचा मारा केला, तर वाढते ती मुख्यतः वसा. उंची व स्नायू वाढावयाचे, तर दूध, अंडी, मासे, डाळी व भाज्या यांची जोड लागते.

परिणाम व उपचार : इन्शुलीन-प्रतिरोधाचे परिणाम मधुमेहापुरते मर्यादित नाहीत. मद्याचा स्पर्शही नसलेल्या मुलांच्या यकृतात वसा साचते व क्वचित तेथे तंतुमयता निर्माण होते. मुलींमध्ये वाढलेले इन्शुलीन अंडकोशांना पुं-हॉर्मोने स्रवण्यास उद्युक्त करते. पाळी अनियमित होणे, चेहऱ्यावर लव व मुरुमे येणे ही त्याची लक्षणे होत. रक्तदाब वाढतो, रक्तातील त्रिग्लिसराइडे वाढतात व रक्तवाहिन्यांच्या कठिनीकरणास लवकर प्रारंभ होतो. मुलांतील या प्रकारच्या मधुमेहाची गती प्रौढांतील मधुमेहापेक्षा अधिक असते व मूत्रपिंड आणि नेत्र यांवरील दुष्परिणाम तरुण वयातच दिसू लागतात.

उपचारात मुलाला उपाशी ठेवण्यास स्थान नाही. वाढत्या वयात वजन स्थिर ठेवले, तरी उंचीबरोबर निर्देशांक आपोआप उतरतो. लहान मुलांत बहुधा तेवढेच पुरेसे असते. स्नायू हे ग्लुकोजचे सर्वांत मोठे ग्राहक होत. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनाच्या मदतीशिवायही ग्लुकोज आत ओढून घेतो, आणि व्यायामानंतर कित्येक तास त्याची इन्शुलीन-संवेदनशीलता वाढलेली राहते. म्हणून वजन न घटताही रोजच्या खेळाचा लाभ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र श्रमाची शिफारस केली आहे. शिकवणीच्या वर्गांनी संध्याकाळ व्यापलेल्या मुलास ही साठ मिनिटे कोठून मिळावयाची, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा असला, तरी तो टाळता येत नाही. पुरेशी झोप व साखरयुक्त पेये वर्ज्य करणे यांचाही निश्चित उपयोग होतो. उपाय एकट्या मुलावर न लादता सबंध घराने स्वीकारल्यास टिकतात; मुलाला त्याच्या अंगावरून चिडविणे हे उपचाराच्या नेमके विरुद्ध आहे.

मधुमेह सिद्ध झाल्यास दहा वर्षांवरील मुलांना मेटफॉर्मिन हे औषध देतात व गरजेनुसार इन्शुलीनही. भूक मंदावणारी नवी अंतःक्षेपणे (उदा., लिराग्लुटाइड व सेमाग्लुटाइड) अमेरिकेत १२ वर्षांवरील मुलांच्या मेदोवृद्धीसाठी अनुक्रमे २०२० व २०२२ मध्ये संमत झाली. ती तज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावयाची असतात. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त वसा, मीठ वा साखर असलेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे.

प्रतिबंधाची खरी वेळ मात्र शाळेच्या बरीच आधी येते. गर्भवती मातेचे इन्शुलीन वार ओलांडत नाही, ग्लुकोज ओलांडते; त्यामुळे मातेची रक्तशर्करा वाढलेली असल्यास गर्भ स्वतःचे इन्शुलीन वाढवून वसा साठवितो. उलट माता कुपोषित असल्यास वर वर्णिलेले कृश-मेदयुक्त बालक जन्मास येते. दोन्ही वाटा बालकाला एकाच ठिकाणी आणतात. पुण्याच्या सहा गावांतील जी मुले-मुली मातृपोषण अभ्यासात जन्मापासून नोंदली गेली होती, त्यांनाच पौगंडावस्थेत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या संसारापूर्वी, ब१२ जीवनसत्त्व व अन्य सूक्ष्मपोषकद्रव्ये पुरविण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू करण्यात आला असून त्यांच्या अपत्यांच्या जन्मवेळच्या मोजमापांचा अभ्यास हा त्याचा पुढील टप्पा होय.